‘एक शून्य शून्य’ आणि सीआयडी नावाचा घोळ

आता संकटात ११२ लावायचा. २०२१ पासून राज्यात हा नंबर सुरू आहे. मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरं आपल्या नागपुरात. म्हणजे गडचिरोलीतल्या माणसाने रात्री दोनला फोन लावला तरी तो नागपुरात उचलला जाऊ शकतो. पोलीस तपासाच्या एका मराठी मालिकेचं मात्र नावच पोलिसांचा जुना नंबर होतं: ‘एक शून्य शून्य’. नव्या पोरांना हे नाव सांगितलं तर पिनकोड वाटेल.

दूरदर्शनचा तो एकच चॅनेलचा काळ, अँटेनाची पट्टी आणि शेजाऱ्यांनी भरलेली बैठक, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ते सोडून देतो. एवढं सांगितलं पाहिजे की या मालिकेचा दिग्दर्शक बी. पी. सिंग आणि तिच्यातला एक प्रमुख नट शिवाजी साटम यांनीच पुढे हिंदीत जी मालिका केली, ती म्हणजे ‘सीआयडी’. २१ जानेवारी १९९८ ला ती सुरू झाली, २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली आणि २०२४ च्या डिसेंबरात परत आली. ७ नोव्हेंबर २००४ ला तर त्यांनी एकाही कटशिवाय चित्रित केलेला १११ मिनिटांचा एक भाग दाखवला. दार तोडणारा दया आणि हवेत बोटं फिरवणारा एसीपी प्रद्युम्न घराघरात गेले आणि ज्या मराठी मालिकेत दिग्दर्शक-नटाची ही जोडी घडली, ती मागे पडली. माझ्या मते हा अन्यायच आहे. हिंदी मालिकेत तपास गाडीतून पळतो, मराठीत तो पायी चालायचा. गुन्हा चाळीत, खोलीत, ओळखीच्या जागी घडायचा आणि पोलीस घरच्या मराठीत बोलायचे.

पण नागपूरकरांचा खरा वाद मालिकेपेक्षा नावाशी आहे. आमच्याकडे ‘सीआयडी’ म्हटलं की पुणे आठवतं, कारण राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचं मुख्यालय तिथे. कोठडीत कोणी मेलं, किंवा एखादा मोठा घोटाळा स्थानिक पोलिसांच्या हातून काढला, की पेपरात येतं, ‘तपास सीआयडीकडे’. तिथे एसपी म्हणजे अधीक्षक असतो, डीवायएसपी म्हणजे उपअधीक्षक असतो. एसीपी नसतो. एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हे पदच मुळात आयुक्तालयातलं. मग सीआयडीचा एसीपी आणायचा कुठून? आमच्या महाल भागातल्या वाड्यात एक निवृत्त हेड कॉन्स्टेबल काका होते, ते दर भागाला म्हणायचे, “काऊन बे, हा एसीपी पुण्याचा हाय का मुंबईचा?”

काकांचा आक्षेप नागपुरात बरोबर होता आणि मुंबईत चूक. मुंबईच्या गुन्हे शाखेचं कागदावरचं नाव ‘डीसीबी सीआयडी’. त्यांच्या गुन्हा क्रमांकापुढे हीच अक्षरं लागतात. म्हणजे मुंबईत आयुक्ताच्या हाताखालची गुन्हे शाखाही सीआयडी आणि पुण्यातला राज्याचा विभागही सीआयडी. मालिकेने मुंबईचं नाव उचललं आणि देशभर नेलं. ‘क्राइम ब्रँच’ ठेवलं असतं तर गोंधळ कमी झाला असता, पण तीन अक्षरांत जो दरारा आहे तो आला नसता. निर्मात्यांनी दरारा निवडला. मला तो निर्णय पटत नाही, कारण त्यापायी मुंबईबाहेरच्या माणसाला पोलीस यंत्रणा आणखीच अनाकलनीय झाली.

हा फरक पडला कसा? १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने प्रत्येक प्रांतात गुन्हे अन्वेषण विभाग काढा म्हटलं आणि १९०५ नंतर ते झाले. नागपूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतंच, ते मध्य प्रांताची राजधानी होतं. मुंबईला १८६४ पासून पोलीस आयुक्त आहे. नागपूर १९५६ ला मुंबई राज्यात आलं, १९६० ला महाराष्ट्रात, आणि शहराला आयुक्तालय १९६५ ला मिळालं. तोवर एसपी, डीवायएसपी आणि ठाणेदार असंच चालायचं. ठाणेदार तर अजून गेला नाही. मुंबईचा पेपर ‘वरिष्ठ पोलीस निरीक्षक’ लिहितो, आमचा बिनदिक्कत ‘ठाणेदार’. शहराच्या हद्दीबाहेर पडलात की तपास ‘एलसीबी’ करते, म्हणजे जिल्ह्याची स्थानिक गुन्हे शाखा.

हिंदी मालिकेने आणखी एक गैरसमज पेरला, कबुलीचा. शेवटच्या पाच मिनिटांत आरोपी कानाखाली खातो, सगळं सांगतो आणि संपलं. कोर्टात पोलिसांपुढच्या कबुलीला किंमत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगायचं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमातही ते कायम आहे. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. मालिकेतला प्रयोगशाळेचा डॉक्टर साळुंखे दोन वाक्यांत विष ओळखतो. नागपुरात रहाटे कॉलनीकडच्या प्रयोगशाळेत मृताच्या अवयवांचे नमुने जातात आणि तोवर पेपरात ‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला’ एवढंच येतं.

आमच्या वाड्यात घरफोडी झाली तेव्हा हे जवळून पाहिलं. हवालदाराने पंचनाम्याला बाबांना पंच केलं. कपाटाची उंची, कडीचा तुकडा कुठे पडला, दाराच्या चौकटीवरचे ओरखडे किती, सगळं फूटपट्टीने मोजून लिहिलं. दीड तास गेला. बाबांनी दोनदा चहा करायला सांगितला. तुटलेलं कुलूप कापडात बांधून लाखेचं सील मारलं. चार वर्षांनी समन्स आलं. साक्षीच्या पिंजऱ्यात वकिलाने ते कुलूप पुढे धरलं आणि विचारलं, हेच का? बाबांनी चष्मा वर केला, सीलवरच्या चिठ्ठीतली स्वतःची सही बघितली आणि म्हणाले, “सही माझी हाय. कुलूप तेच असन.”