परराज्यात सहकुटुंब स्थलांतर : वास्तव्यस्थानाची निवड

एका राज्यात स्थिरावलेल्या कुटुंबाने नोकरी, बदली, व्यवसाय किंवा आप्तांच्या सान्निध्यासाठी दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवताना कोणत्या शहरात, त्या शहराच्या कोणत्या भागात आणि मुलांच्या शिक्षणाच्या कोणत्या टप्प्यावर जावे, यासंबंधीचा निर्णय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (ङ) नुसार नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क आहे. तथापि शालेय शिक्षण, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश, जातीचे दाखले, वाहननोंदणी व कल्याणकारी योजना यांचे नियम राज्यागणिक बदलत असल्याने हा निर्णय केवळ घर शोधण्यापुरता उरत नाही. २०११ च्या जनगणनेत पूर्वीच्या वास्तव्यस्थानावरून मोजलेल्या स्थलांतरितांची संख्या सुमारे ४५ कोटी होती. त्यांपैकी राज्याची सीमा ओलांडलेले साडेपाच कोटींच्या आत होते. बाकीचे बहुतेक स्थलांतर, त्यातही विवाहामुळे झालेले स्त्रियांचे स्थलांतर, राज्याच्या आतच घडते.

निवडीचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नसते. बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून कर्नाटकातील साखर कारखान्यांवर जाणाऱ्या ऊसतोड टोळ्याही मुलाबाळांसह राज्य ओलांडतात, परंतु कोणत्या कारखान्यावर जायचे आणि कोठे कोपी (झोपडी) घालायची हे मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतली तेव्हाच ठरलेले असते. प्रस्तुत नोंद ज्यांना ठिकाण निवडण्यास काही वाव असतो, अशा पगारदार व व्यावसायिक कुटुंबांपुरती आहे. उदाहरणे मुख्यत: महाराष्ट्रातून कर्नाटकात, विशेषत: बंगळूरला, जाणाऱ्या कुटुंबांची घेतली आहेत.

नोकरी शहर ठरवते हे खरे; पण कधी जायचे आणि सगळ्यांनी एकदम जायचे की नाही, हे बहुधा मुलाची इयत्ता ठरवते, किंबहुना तिनेच ते ठरवावे. याचे कारण राज्य कोट्याच्या प्रवेशनियमांत आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या जागांपैकी १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्या ८५ टक्के जागांवर राज्याने ‘आपला’ मानलेल्या विद्यार्थ्यांचाच हक्क असतो. हे आपलेपण मोजण्याच्या राज्यांच्या पट्ट्या मात्र एकमेकींशी जुळत नाहीत. महाराष्ट्रात अधिवासाबरोबर (डोमिसाइल, म्हणजे राज्याचे कायम रहिवासी असणे) दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा राज्यातून उत्तीर्ण व्हाव्या लागतात. काही शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना यातून सवलत आहे. कर्नाटकाच्या सर्वसाधारण नियमानुसार पहिली ते बारावीच्या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे त्या राज्यात शिकलेले असावे लागते आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा तेथून दिलेली असावी लागते. तेलंगणात नववी ते बारावी ही सलग चार वर्षे पाहिली जातात.

या तीन नियमांचा एकत्रित परिणाम एका कुटुंबावर ताडून पाहिला, म्हणजे मुद्दा स्पष्ट होतो. मुलगी आठवी संपवून पुण्याहून बंगळूरला गेली, तर दहावी-बारावी महाराष्ट्राबाहेर झाल्यामुळे तिचा महाराष्ट्रातील वैद्यकीय कोटा जातो आणि कर्नाटकात तिची चारच वर्षे भरत असल्याने तेथीलही मिळत नाही. तेलही गेले, तूपही गेले अशी तिची गत होते. तीच मुलगी पाचवी संपवून गेली असती, तर सहावी ते बारावी अशी नेमकी सात वर्षे भरली असती. आठवीनंतर हैदराबादला जाणाऱ्या मुलीला मात्र तेथील चार वर्षांची अट पूर्ण करता येते. अभियांत्रिकीच्या प्रवेशात महाराष्ट्राचे नियम सैल आहेत आणि पालकांचा महाराष्ट्रातील अधिवास असल्यास बाहेर शिकलेल्या विद्यार्थ्यालाही राज्य उमेदवारीचा एक मार्ग खुला राहतो. त्यामुळे डॉक्टर होण्याची इच्छा असलेल्या घरात आणि नसलेल्या घरात हाच निर्णय अगदी वेगळा पडू शकतो. नियम वर्षागणिक बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची प्रवेशपुस्तिका पाहणे अपरिहार्य ठरते. न्यायालयेही या प्रश्नात वेळोवेळी पडली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात भारतीयाला एकच अधिवास असतो, तो भारताचा, असे म्हटले आणि तरीही पदवीपूर्व वैद्यकीय प्रवेशात वास्तव्यावर आधारित काही आरक्षणाला मुभा ठेवली. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील असे आरक्षण जानेवारी २०२५ मध्ये तन्वी बहल खटल्यात घटनाबाह्य ठरवण्यात आले.

सीमाभागापुरते महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी आपापल्या भाषकांसाठी दार किलकिले ठेवले आहे. बेळगावसह ८६५ वादग्रस्त गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्र आपल्या व्यावसायिक प्रवेशांत पात्र मानतो, तर जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर यांसारख्या तालुक्यांतील कन्नड मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना कर्नाटक ‘गडिनाडू कन्नडिग’ (सीमाभागातील कन्नड भाषक) म्हणून सामावून घेतो आणि त्यासाठी त्यांची कन्नडची परीक्षाही घेतो. सीमावाद न्यायालयात पडून असला, तरी प्रवेशाच्या अर्जांत तो असा वर्षानुवर्षे नांदतो आहे.

या अडचणीवर मराठी मध्यमवर्गाने काढलेला रूढ तोडगा म्हणजे दोन बिऱ्हाडे. कमावते माणूस आधी जाते, एखाद्या खोलीत किंवा पेइंग गेस्ट म्हणून राहते आणि उरलेले घर मुलाच्या दहावी-बारावीपर्यंत जागच्या जागी थांबते. यात दुहेरी भाडे, शनिवार-रविवारचे प्रवास आणि मागे राहिलेल्या जोडीदारावर पडणारा एकट्याचा भार हे तोटे उघड आहेत. तरीही बारावीला दीड-दोन वर्षे उरली असतील, तर हा मार्ग पुष्कळदा शहाणपणाचा ठरतो. मूल दुसरी-तिसरीत असताना असे वेगळे राहण्याला मात्र शैक्षणिकदृष्ट्या काहीच आधार नाही.

लहान मुलांच्या बाबतीत अडतात ते वय आणि भाषा. पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण असण्याचा दिनांक महाराष्ट्रात ३१ डिसेंबर, कर्नाटकात १ जून आणि केंद्रीय विद्यालयांत ३१ मार्च धरला जातो. ऑक्टोबरमध्ये जन्मलेले जे मूल महाराष्ट्रात यंदा पहिलीत बसते, तेच कर्नाटकात एक वर्ष मागे राहते. म्हणून पहिलीत प्रवेश घेऊन, दाखल्यासह दुसरीत बदली होणे अशा कुटुंबांना सोयीचे जाते. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने कन्नड आणि तेलंगणात २०१८ च्या कायद्याने तेलुगू ही भाषा सर्व मंडळांच्या शाळांत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये मराठीबाबत तेच केले. पहिली-दुसरीतले मूल नवी लिपी एका वर्षात उचलते, सहावी-सातवीत आलेल्याला मात्र वर्गातली मुले निबंध लिहीत असताना स्वत: बाराखडी गिरवावी लागते. वारंवार बदल्या होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६३ पासून केंद्रीय विद्यालयांची व्यवस्था आहे. इतरांसाठी शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम ५ उपयोगी पडते. त्यानुसार मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यावा लागतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही.

मराठी माध्यमाचा आग्रह असल्यास पर्याय थोडे उरतात. गोव्यात मराठी प्राथमिक शाळांची परंपरा टिकून आहे आणि बेळगाव परिसरातही मराठी शाळा आहेत. मराठवाडा १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात व पुढे राज्यात होता, त्याच्या राजधानीत मराठी भाषकांनी १९०७ मध्ये विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था उभारली. बडोदे, इंदूर व ग्वाल्हेर येथे संस्थानी काळापासून वसलेला मराठी समाज असून गणेशोत्सव, वाचनालये व नाट्यप्रयोग यांमुळे नव्याने आलेल्याला तेथे परकेपणा कमी जाणवतो. बंगळूरचा मराठी संबंध तर शहाजीराजांच्या सतराव्या शतकातील जहागिरीपर्यंत मागे जातो, परंतु आजचा तेथील मराठी समाज बहुतांशी नोकरीच्या निमित्ताने आलेला आणि शहरभर विखुरलेला आहे.

बंगळूरमध्ये घराचा भाग निवडताना कार्यालय नेमके कोणत्या टोकाला आहे, हे आधी पाहावे लागते. इलेक्ट्रॉनिक सिटी दक्षिणेला, व्हाइटफील्ड पूर्वेला, मान्यता टेक पार्क उत्तरेला हेब्बाळजवळ आणि या सर्वांना जोडणाऱ्या बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर बेळ्ळंदूर-मारतहळ्ळीची कार्यालये अशी ही रचना आहे. व्हाइटफील्ड ते इलेक्ट्रॉनिक सिटी हे अंतर रस्त्याने वीस किलोमीटरच्या आसपास असले, तरी संध्याकाळी ते किलोमीटरांत कोणी मोजत नाही. मेट्रोची जांभळी मार्गिका २०२३ मध्ये व्हाइटफील्डपर्यंत आणि पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये इलेक्ट्रॉनिक सिटीमार्गे बोम्मसंद्रापर्यंत सुरू झाल्यामुळे जयनगर, विजयनगर, राजाजीनगर यांसारख्या जुन्या वस्त्यांत राहून या दोन टोकांना जाणे पूर्वीपेक्षा सुकर झाले आहे. दोघेही नोकरी करणारे असतील आणि कार्यालये दोन टोकांना असतील, तर घर मधोमध घेण्याकडे कल असतो. प्रत्यक्षात मुलाच्या शाळेजवळ घर घेणे जास्त सोयीचे ठरते, कारण मोठी माणसे अधूनमधून घरून काम करू शकतात, शाळेची बस मात्र रोजच पकडावी लागते.

पाण्याची चौकशी पुण्या-मुंबईहून येणारी कुटुंबे हमखास विसरतात. बंगळूरला कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून उपसून, शेकडो मीटर उंच चढवून आणले जाते. जुन्या वस्त्यांत ते नळाला येते. २००७ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या ११० गावांच्या पट्ट्यातील संकुले मात्र बोअर आणि टँकर यांवर वाढली. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले तेव्हा या पट्ट्यातील अनेक गृहसंकुलांत पाणीकपात करावी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या गावांसाठी दररोज ७७५ दशलक्ष लिटर क्षमतेचा कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. संकुलाला ‘कावेरी जोडणी’ आहे का, असल्यास किती दिवसांआड पाणी येते आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकरचा खर्च देखभालशुल्कात किती चढतो, हे तीन प्रश्न घरमालकापेक्षा तिथल्या सुरक्षारक्षकाला विचारावेत. त्याचे उत्तर सहसा खरे असते.

भाड्याच्या रीतीही निराळ्या आहेत. बंगळूरला दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागण्याची प्रथा होती. अलीकडे ती काहीशी उतरली असली, तरी पुण्यातील दोन-तीन महिन्यांची सवय असलेल्याला रक्कम डोळे विस्फारणारी वाटते. घर सोडताना रंगकामापोटी यातून एका महिन्याचे भाडे कापून घेण्याचाही तेथे परिपाठ आहे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी घरासाठी दोन महिन्यांची कमाल मर्यादा सुचवलेली आहे, परंतु तो राज्यांवर बंधनकारक नाही. मालकाला काही लाखांची ठोक रक्कम देऊन दोन-तीन वर्षे विनाभाडे राहण्याचा, मुंबईच्या ‘हेवी डिपॉझिट’सारखा, ‘लीज’ व्यवहारही तेथे चालतो. घर बँकेकडे तारण असेल आणि मालकाचे हप्ते थकले, तर यात भाडेकरूची पुंजी अडकते. नवख्या कुटुंबाने त्याच्या वाटेला न जाणेच बरे. पहिले अकरा महिने भाड्याने राहून, एक उन्हाळा व एक पावसाळा पाहून मगच घर विकत घ्यावे, हा अनुभवी लोकांचा सल्ला रास्त आहे.

मूळ गावापासूनचे अंतर हा निकष राज्याच्या नकाशावरून फसवा वाटतो. नांदेडकरांना हैदराबाद मुंबईच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे, सोलापूरलाही ते मुंबईपेक्षा जवळ पडते, सावंतवाडीहून पणजी दीड-दोन तासांत गाठता येते आणि खानदेशातील अनेकांचे येणे-जाणे पुण्यापेक्षा सुरतेशीच अधिक असते. वृद्ध आईवडील गावी राहणार असतील, तर दुसरे राज्य प्रत्यक्षात अधिक जवळचे निघू शकते. ते बरोबर येणार असतील, तर रुग्णालयात डॉक्टरांशी ते कोणत्या भाषेत बोलणार, याचा विचार आधी करावा लागतो. आयुष्मान भारत योजनेचा लाभ देशभरच्या संलग्न रुग्णालयांत मिळतो आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्वांना तो उत्पन्नाची अट न लावता खुला आहे.

राखीव प्रवर्गांतील कुटुंबांसाठी एक बाब निर्णायक ठरू शकते. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय असल्याने मूळ राज्यातील दर्जा नव्या राज्यातील शिक्षण व राज्यसेवेच्या आरक्षणासाठी सोबत येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे मर्री चंद्रशेखर राव खटल्यात १९९० मध्ये सांगितले आणि २०१८ च्या बीर सिंग विरुद्ध दिल्ली जल बोर्ड या निकालात पुन्हा स्पष्ट केले. दोन्ही राज्यांच्या यादीत जातीचे नाव असले, तरी यात फरक पडत नाही. केंद्रीय सेवा व केंद्रीय संस्थांसाठी मूळ राज्याच्या आधारे मिळालेला दाखला चालतो.

किरकोळ कागदपत्रांपैकी आधारचा पत्ता आधी बदलावा, कारण पुढची बरीच कामे त्यावर अडतात. कर्नाटकातील ‘शक्ती’ योजनेचा महिलांसाठीचा मोफत बसप्रवासदेखील त्या राज्यातील पत्ता असलेले ओळखपत्र दाखवल्यावरच मिळतो. मतदार यादीतील स्थलांतरासाठी अर्ज क्रमांक ८ भरावा लागतो. वाहन बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार नवी नोंदणी आवश्यक होते; त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणून नव्या राज्याचा कर भरावा लागतो व जुन्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा स्वतंत्रपणे मागावा लागतो. हा परतावा मिळवण्यासाठी माराव्या लागणाऱ्या खेपांना कंटाळून पुष्कळजण जुनी गाडी निघण्यापूर्वी गावातच विकून टाकतात. २०२१ पासून संरक्षण व शासकीय सेवेतील कर्मचाऱ्यांना, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांतील कर्मचाऱ्यांना राज्य बदलले तरी चालणाऱ्या ‘बीएच’ (भारत) मालिकेच्या वाहननोंदणीचा पर्याय देण्यात आला असून, त्यात कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरता येतो.