कलम म्हणजे नेमकं कुठलं कलम? कटिंग आणि ग्राफ्टिंगचा घोळ

"हे कलमाचं झाड आहे" असं कोणी म्हटलं की मी हल्ली पहिला प्रश्न विचारते, कुठलं कलम? समोरचा गोंधळतो, कारण त्याच्या मते कलम म्हणजे कलम, त्यात कुठलं काय. पण आपल्या भाषेने इथे एक मजा करून ठेवलीये. जास्वंदीची काडी तोडून मातीत खोचली तर तेही कलम, म्हणजे छाट कलम, आणि आंब्याच्या रोपाचा शेंडा उडवून त्यावर दुसऱ्या झाडाची काडी बसवली तर तेही कलमच, पाचर कलम. शब्द एकच, काम पूर्ण वेगळं. शब्द मुळात बोरूच्या लेखणीचा, आणि बोरूचं टोक जसं तिरकं तासतात तशीच काडी दोन्हीकडे तासतात, तेवढं साम्य सोडलं तर दोघांचं फारसं पटत नाही.

पुढे सोयीसाठी पहिल्याला कटिंग म्हणते आणि दुसऱ्याला ग्राफ्टिंग, तसंही बोलताना सगळे तेच शब्द वापरतात.

फरक एका प्रश्नात मावतो: या झाडाचं मूळ कोणाचं? कटिंगमध्ये काडीला स्वतःचीच मुळं फुटतात, म्हणजे पार खालपासून शेंड्यापर्यंत झाड एकच. ग्राफ्टिंगमध्ये खाली एक झाड, वर दुसरं. खालच्याला खुंट म्हणतात, वरच्याला कलम काडी किंवा सायन, आणि नुसता डोळाच, म्हणजे जिथून नवी फांदी फुटते ती कळी, काढून खुंटाच्या सालीत बसवला तर डोळा भरणे. दोघं जोडले जातात पण मिसळत नाहीत हे नीट लक्षात घ्या, कारण खूप जणांना वाटतं की दोन झाडांचं कलम केलं की दोघांच्या मधलं काहीतरी तिसरं तयार होतं. तसं होत नाही, ते संकर करताना होतं, फुलातून, परागकणातून, बियांतून. कलमात वरची काडी शेवटपर्यंत तिचीच फळं देते आणि खुंट खाली शेवटपर्यंत खुंटच राहतो, एका घरात राहून आडनावं वेगळी ठेवल्यासारखं. अपवाद सापडतात, 1825 मध्ये पॅरिसजवळ अ‍ॅडम नावाच्या रोपवाटिकावाल्याकडे पिवळ्या फुलांच्या लॅबर्नमवर जांभळ्या फुलांच्या झाडाचं कलम केलं होतं आणि जोडाजवळून अशी फांदी फुटली की दोघांच्या पेशी थरांथरांनी एकत्र आल्या होत्या, त्यामुळे एकाच झाडावर पिवळी, जांभळी आणि मधल्याच रंगाची अशी तीन तऱ्हेची फुलं येतात. पण हा इतका दुर्मिळ प्रकार आहे की दोनशे वर्षांनी पण त्याचं उदाहरण द्यावं लागतं.

आता कटिंगमध्ये आत काय होतं ते बघू. पानांत आणि कोवळ्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खोडातून खालच्या दिशेने वाहतं. काडी कापली की त्याची वाटच तुटते, ते कापलेल्या टोकाशी साठायला लागतं, तिथे आधी पांढरट गाठीसारखी वाढ होते आणि मग खोडाच्या आतून मुळं बाहेर पडतात. बियांतून येतं ते सोटमूळ वेगळं, ही आगंतुक मुळं, जिथे मूळ असायचं कारणच नाही तिथून फुटलेली. बाजारात मिळणारी मुळं फुटायची पावडर म्हणजे बहुतेक वेळा आयबीए, ऑक्झिनचाच भाऊ. आणि वर-खाली ही दिशा काडीच्या अंगातच असते, उलटी खोचली म्हणून वरचं टोक खालचं होत नाही, म्हणून तर जाणती माणसं काडी तोडताना वर सरळ आणि खाली तिरका काप घेतात, नंतर गोंधळ नको. काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यायचा, बऱ्याच झाडांत मुळं तिथूनच चांगली येतात.

कटिंग मरतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने आणि ते कारण फार फसवं आहे. काडी लावली, आठ-दहा दिवसांत डोळे फुगले, दोन इवली पानं आली, आपण खूश, फोटो काढतो, आणि मग अचानक सगळं माना टाकतं. कारण ती पानं काडीत आधीच साठलेल्या अन्नावर आलेली असतात, खाली मूळ शून्य. पानं पाणी उडवत बसतात आणि खालून पुरवठा करायला कोणी नाही. म्हणून पानं अर्धी कापायची, वर पारदर्शक पिशवी घालायची म्हणजे हवा दमट राहते, आणि मुख्य म्हणजे काडी उपटून उपटून बघायची नाही. बटाट्यात गुलाबाची काडी खोचायचे व्हिडिओ येतात ना, त्यात पण ही पहिली पालवी दाखवूनच टाळ्या घेतात, महिन्याभराने काय झालं ते दाखवायला कोणी येत नाही.

ग्राफ्टिंगचा प्रश्न वेगळाच. मूळ तयार आहे, दमदार आहे, फक्त वरच्याची नळी खालच्याच्या नळीला जोडायची. खोडाची साल थोडी सोलून बघा, साल आणि लाकडाच्या मधे एक ओलसर, निसरडा, अगदी पातळ थर बोटाला लागतो, तो कँबियम. झाडाचं खोड जाड होतं ते त्याच्याचमुळे, आतल्या बाजूला लाकूड बनवतो, बाहेरच्या बाजूला साल. पाचर कलमात खुंट आडवा छाटून मधोमध चीर देतात, काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करतात आणि आत सरकवतात, आणि इथे सगळा खेळ दोघांच्या कँबियमची रेघ एकमेकांसमोर येते की नाही याचा. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर नवशिका माणूस ती मधोमध नीटनेटकी बसवतो आणि कलम मरतं, कारण दोन्ही बाजूंनी रेघ चुकली. खरं तर ती एका कडेला सरकवून एक तरी बाजू जुळवायची, दिसायला वेडंवाकडं दिसतं पण जगतं. मग प्लास्टिकची पट्टी घट्ट, आत पाणी जाता कामा नये, वरून टोपी. दोन्हीकडून पेशी वाढून फट बुजते, त्यातून नव्या वाहिन्या तयार होतात आणि सगळं जमून आलं तर तीनेक आठवड्यांत काडी खुंटाचं पाणी प्यायला लागते.

यावरूनच कळतं की ग्राफ्टिंग कुठेही चालत नाही. कँबियमचं असं सलग कडं ज्यांना नाही ती झाडं, म्हणजे नारळ, केळी, बांबू, ऊस ही एकदल मंडळी, यांचं नेहमीच्या पद्धतीने कलम बांधता येत नाही. 2021 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी गहू आणि ओटसारख्या पिकांत जोड जमवून दाखवला पण तो बियांच्या आतल्या गर्भाच्या अवस्थेत, मोठ्या झाडावर नाही. आणि गंमत बघा, याच उसाची लागवड जगभर टिपऱ्या, म्हणजे उसाचेच तुकडे, लावून होते, म्हणजे कटिंगच की ते! उलट आंब्याच्या काडीला मुळं फोडणं महाकठीण, तिथे ग्राफ्टिंगच लागतं. म्हणजे एकाला जमतं ते दुसऱ्याला जमेलच असं नाही.

नातंही बघावं लागतं. टोमॅटो बटाट्यावर चढतो, एकाच कुळातले. कलिंगडाचं कलम दुधी भोपळ्याच्या खुंटावर करतात, मातीतून येणाऱ्या मर रोगापासून वाचण्यासाठी, जपानमध्ये 1920च्या दशकापासून. सॅम व्हॅन एकन नावाच्या अमेरिकन कलाकाराने एकाच झाडावर 40 प्रकारची फळं आणायचा उद्योग केला, पण ती सगळी प्लम, पीच, जर्दाळू, चेरी, बदाम अशी एकाच प्रजातीगटातली, आठळीवाली. आंब्यावर केळी नि लिंबावर डाळिंब वगैरे जे फिरत असतं ते सोडून द्या.

गुटी कलम कुठल्या खात्यात टाकायचं? इथे भले भले चुकतात कारण फांदीला प्लास्टिक गुंडाळलेलं दिसलं की लोकांना ग्राफ्टिंग वाटतं. पण गुटीत दुसरं झाडच नसतं. फांदीवरची बोटभर रुंदीची साल गोल काढून टाकायची, तिथे ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, बांधायचं. पानांकडून खाली येणारी साखर आणि ऑक्झिन सालीतून येतात, ती तिथे अडतात, पण मुळांकडून वर जाणारं पाणी आतल्या लाकडातून जातं ते चालूच राहतं, त्यामुळे फांदी सुकत नाही आणि आईच्या जिवावर बसून निवांत मुळं काढते. मग कापून लावायची. म्हणजे हे कटिंगच, फक्त आधी मुळं आणि मग ताटातूट. लिचीला हेच करतात. मला तर ही सगळ्यात हुशार पद्धत वाटते, फक्त एका झाडावरून मोजकीच रोपं मिळतात.

दोन्हींत सारखं काय, तर दोन्हीतून मूळ झाडाची हुबेहूब नक्कल मिळते, क्लोन. सफरचंदाची बी लावली तर आईसारखं सफरचंद येईलच असं नाही, बहुतेक वेळा येत नाहीच. ऑस्ट्रेलियात मारिया अ‍ॅन स्मिथ बाईंकडे 1860च्या दशकात आपोआप उगवलेलं एक रोप निघालं, जगातली सगळी ग्रॅनी स्मिथ सफरचंदं त्या एका रोपाच्या काड्यांपासून पुढे आलीत. मोठ्या झाडाची काडी असल्यामुळे फळंही लवकर, बियांच्या रोपाचं बालपण संपायची वाट बघावी लागत नाही. आणि रोगी झाडाची काडी घेतली तर व्हायरसही सोबत फुकट, दोन्हीकडे.

मग कटिंग एवढं सोपं असताना ग्राफ्टिंगचा खटाटोप कशाला? याचं सगळ्यात चांगलं उत्तर द्राक्षाकडे आहे. द्राक्षाची काडी मातीत टोचली की लागते, युरोपात शेकडो वर्षं वेली अशाच लावल्या, स्वतःच्या मुळांवर. 1860च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची मावावर्गीय कीड फ्रान्समध्ये पोचली, ही मुळं खाते, आणि बागाच्या बागा वाळल्या. औषधं झाली, बागांत पाणी तुंबवून झालं. शेवटी उपाय निघाला तो असा की अमेरिकन जंगली वेली या किडीसोबतच वाढलेल्या, त्यांची मुळं तिला पुरून उरतात, तर खाली अमेरिकन मूळ आणि वर आपलं युरोपियन द्राक्ष. आजही जगातल्या बहुतेक द्राक्षबागा अशाच दोन झाडांच्या आहेत. डॉगरिज नावाचा खुंट द्राक्षवाल्यांच्या तोंडी असतो, तो टेक्सासमधल्या जंगली वेलीतून आलेला, खारट जमिनीत तग धरतो. आणि तो डॉगरिज वाढवतात कसा, तर काडी लावून! म्हणजे खाली कटिंग आणि वर ग्राफ्टिंग, एकाच वेलीत दोन्ही कलमं, घ्या.

खुंट झाडाची उंचीही ठरवतो. सफरचंदाचा एम 9 खुंट, इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्राचा, त्यावर तीच जात लावली की झाड माणसाच्या हाताला येईल एवढंच राहतं, हे कटिंगने जमणार नाही. उलट कटिंगच्या झाडाला सोटमूळ नसतं त्यामुळे मोठ्या वृक्षांच्या बाबतीत वादळवाऱ्यात जरा धाकधूक. पण बियांचा खुंट सुद्धा पिशवीत वर्षानुवर्षं ठेवला असेल तर त्याचं सोटमूळ गोल गोल फिरून बसलेलं असतं, मग कसला आधार.

मूळ बदलता येतं याचं माझं आवडतं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचं. तिथे 1870च्या दशकात एलायझा टिबेट्स यांनी ब्राझीलच्या बाहियातून आलेल्या बिनबियांच्या नेव्हल संत्र्याची झाडं लावली, त्यातलं एक अजून उभं आहे. पुढे त्याची मुळं आजारी पडली तेव्हा भोवती नवी खुंटरोपं लावून त्यांचे शेंडे बुंध्यात जोडले, म्हणजे झाड तेच ठेवून खालची मुळं नवी.

ओळखायचं कसं, तर बुंध्याशी वाकून बघा. जमिनीपासून वीतभर वर कुठेतरी गाठ, किंचित वाक, वर आणि खाली सालीचा पोत वेगळा, म्हणजे ग्राफ्टिंग. जोड कधी मातीत पुरायचा नाही, नाहीतर वरची काडी स्वतःची मुळं सोडते आणि खुंटासाठी केलेला खटाटोप वाया. आणि जोडाच्या खालून जो काही फुटवा येईल तो दया न दाखवता काढायचा, तो खुंटाचा असतो.

हे मला महागात पडून कळलंय. लाल गुलाब आणला होता, दोन वर्षं छान फुलला, मग एकदा खालून इतके जोमदार फुटवे आले की मी उलट कौतुकाने खत घातलं. पुढच्या बहराला लाल एकही नाही, झुपक्यांनी बारकी पांढरी फुलं, वरचा भाग पार वाळलेला. सात पानांचा फुटवा जंगली आणि पाच पानांचा खरा असं सांगतात, त्यावर विसंबू नका, बागेतल्या कित्येक चांगल्या गुलाबांना पण सात पानं येतात, फुटवा जोडाच्या वरून आलाय की खालून एवढंच बघायचं. तो गुलाब कटिंगचा असता तर खालून जे आलं तेही लालच आलं असतं. असो. तो जंगली काही मी काढला नाही, एवढं दणकट मूळ फुकट मिळालंय म्हटल्यावर त्याच्यावरच दुसऱ्या गुलाबाचे तीन डोळे भरले. दोन काळे पडले, तिसरा अजून हिरवा आहे.