बॉम जीझसचा गिलावा

जुन्या गोव्यात येणारा जवळजवळ प्रत्येक जण बॉम जीझस चर्चच्या लाल भिंतींचा फोटो काढतो आणि हेच त्याचं चारशे वर्षांपूर्वीचं रूप असं समजून परततो. पण हा लाल रंग जेमतेम सत्तर वर्षांचा आहे.

पायाभरणी 1594 ची, अभिषेक 1605 चा. भिंती इथल्याच जांभ्याच्या, नक्षीकामाचा काळा दगड मात्र थेट वसईहून आणलेला. इथे असलेल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आला, तो 1698 मध्ये. पुढे 1759 मध्ये चर्च उभारणाऱ्या जेझुइट या धर्मसंघालाच पोर्तुगीज राजवटीने हाकललं. 1946 मध्ये चर्चला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. हा पोपने दिलेला मान आहे, बांधणीचा प्रकार नव्हे. कॅथेड्रल वेगळं, ते रस्त्यापलीकडे.

आता गिलाव्याकडे येऊ. 1950 च्या दशकात, पोर्तुगीज अमलातच, जीर्णोद्धाराच्या नावाखाली बाहेरचा चुन्याचा गिलावा खरवडून काढला गेला. उघडा दगड जास्त पुरातन दिसतो, ही त्यामागची दृष्टी. जांभा ज्याने वापरलाय त्याला हे ऐकून धक्काच बसेल. हा दगड खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो, पण त्याची अंगभर छिद्रं तशीच राहतात. गोव्याचा पाऊस चार महिने त्यांत झिरपत राहतो. गिलावा म्हणजे या भिंतीची कातडी होती. झीज तिने सोसायची आणि ती विरली की पुन्हा चढवायची, असाच तो हिशोब होता.

1986 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव गेलं ते लाल भिंतींसकट, आणि पेच तिथेच घट्ट झाला. गिलावा परत चढवा म्हणणाऱ्यांना उत्तर मिळतं की लोकांच्या मनात हेच रूप ठसलंय. 2020 च्या पावसाळ्याआधी छपरातून पाणी गळलं, तेव्हा वाद पुन्हा उफाळला. मला गिलाव्याच्या विरोधकांचं म्हणणं पटत नाही. डोळ्यांची सवय सत्तर वर्षांची, भिंत चारशे वर्षांची.

आत शिरलं की समोर सोन्याचा वर्ख चढवलेली भव्य लाकडी वेदी दिसते. पिळाचे खांब, देवदूत, वर किरणं फेकणारा सूर्य. लाकडाचा आणि वर्खाचा वैरी एकच, ओल. बाहेर पडताना भिंतीवर बोट फिरवून पाहा, टोकाला तांबूस भुकटी लागते.