रेवती, रोहिणी आणि स्टॉपवॉच

1920 साली सांगलीत ज्योतिष संमेलन भरलं. लोकमान्य टिळकांनी लावून धरलेला पंचांगशोधनाचा प्रश्न तिथे चर्चेला होता. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगताऱ्यापासून (नक्षत्राच्या मुख्य ताऱ्यापासून) धरायचा की चित्रेच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून, हा त्यातला गाजलेला वाद. ऐकायला किचकट, पण मुळाशी मागणी साधी होती: पंचांगात लिहिलेलं आकाशात दिसलं पाहिजे. जुने लोक याला दृक्प्रत्यय म्हणत.

योगायोग असा की रेवती आणि चित्रा, दोघीही चंद्राच्या वाटेवर आहेत. वर्षानुवर्षांच्या फेऱ्यात चंद्र कधी एकीला झाकतो, कधी दुसरीला. हे झाकणं म्हणजे पिधान. गणित आणि आकाश यांचा मेळ तपासायला इतकी कडक परीक्षा दुसरी नाही.

कडक अशासाठी की चंद्राला वातावरण नाही. तारा विझत विझत जात नाही. कोणी बटण दाबल्यासारखा नाहीसा होतो. शुक्ल पक्षात अंधारी कड पुढे असते, त्यामुळे दुर्बिणीतून पाहणाऱ्याला कड दिसतही नाही, तारा मोकळ्या काळोखात गडप होतो. चंद्र सेकंदाला साधारण एक किलोमीटर सरकतो. म्हणजे वेळ सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत नोंदवली, तर सुमारे चार लाख किलोमीटरवरच्या चंद्राची जागा शंभर मीटरच्या हिशेबात कळली. गच्चीवरच्या लहानशा दुर्बिणीने!

आपल्याकडे पिधानाचा विचार जुना आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 1520 च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहिलं. त्यात रोहिणी शकटभेदाची अट दिली आहे: राहू पुनर्वसूपासूनच्या आठ नक्षत्रांत असेल, तेव्हा चंद्र रोहिणीचा गाडा (रोहिणी आणि तिच्या शेजारच्या ताऱ्यांची आकृती, म्हणजेच शकट) भेदून जातो. राहू म्हणजे चंद्रमार्ग क्रांतिवृत्ताला (सूर्याच्या वार्षिक वाटेला) छेदून उत्तरेला जातो तो बिंदू, आणि त्याची फेरी 18.6 वर्षांची. फलज्योतिष हा भेद अशुभ मानतं; ती भीती बाजूला ठेवली तर हे निखळ भूमितीचं विधान आहे, आणि ते बरोबर आहे.

तिकडे ग्रीसमध्ये इ.स. 509 च्या मार्चमध्ये चंद्राने रोहिणी झाकल्याची नोंद झाली होती. एडमंड हॅलेने 1718 मध्ये तिचा उपयोग केला. रोहिणी तेव्हा आजच्याच जागी असती तर हे पिधान जमत नाही, असा त्याचा हिशेब. लुब्धक आणि स्वातीचीही तीच कथा. 'स्थिर' तारे सरकतात, हे असं उघड झालं. पुढे 1819 मध्ये व्हिएन्नात ज्येष्ठा चंद्राआडून बाहेर येताना आधी एक फिका ठिपका दिसला, मग लालबुंद ज्येष्ठा. तिचा जोडीदार सापडला तो असा.

खरी अडचण माणसाची. डोळ्याने पाहून बोटाने कळ दाबेपर्यंत सेकंदाचा पाव-तृतीयांश भाग निघून जातो, आणि प्रत्येकाचा उशीर वेगळा. ग्रिनिचला 1796 मध्ये वेधशाळेचा प्रमुख मॅस्केलिनने आपल्या सहायकाला काढून टाकलं, कारण त्याच्या वेळा 0.8 सेकंद मागे पडत. बिचाऱ्याचा दोष इतकाच की तो दुसरा माणूस होता.

तरीही हौशी लोकांच्या नोंदींवर मोठं काम उभं राहिलं. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं एकसारखं नाही, हे विसाव्या शतकात पक्कं झालं त्यात पिधानांच्या वेळांचा मोठा वाटा आहे. जगभरच्या नोंदी आधी ब्रिटनमध्ये, 1981 पासून टोकियोत जमा होत. 2009 मध्ये ते केंद्र बंद झाल्यावर हौशींच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने भार उचलला.

झाकणारा दर वेळी चंद्रच असतो असं नाही. 1961 मध्ये पॅलस या लघुग्रहाने तारा झाकला, तो नैनितालहून टिपला गेला. 10 मार्च 1977 ला (आपल्याकडे मध्यरात्र उलटली होती) युरेनस एका ताऱ्यावरून जाताना तारा आधीच काही वेळा लुकलुकला. विमानातल्या अमेरिकी दुर्बिणीने ते पाहिलं, तसंच तमिळनाडूतल्या कावलूरहूनही. कावलूरच्या मंडळींना आधी तो नवा उपग्रह वाटला. ती युरेनसभोवतीची कडी होती.

वेळेची साधनं मात्र पार बदलली. पूर्वी शॉर्टवेव्ह रेडिओवर दिल्लीच्या एटीए या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदाचे ठोके लावायचे आणि शेजारी टेपरेकॉर्डर चालू ठेवून 'गेला!' असं ओरडायचं. मला तो 'गेला!' अजून आवडतो. आता कॅमेरा प्रत्येक चौकटीवर जीपीएसची वेळ छापतो. 2018 मध्ये गाया यानाची दुसरी तारासूची आली आणि लघुग्रहांच्या सावलीचे पट्टेही (जिथून तारा झाकलेला दिसतो त्या जमिनीवरच्या पट्ट्या) नेमके सांगता येऊ लागले. पट्टा सांगलीवरून जाणार की मिरजेवरून, एवढ्या अंतराचाही इथे फरक पडतो. आणि तारा झाकला गेला नाही, ही नोंदही लघुग्रहाची कड ठरवायला तितकीच कामाची.

आपल्या भागात जून ते सप्टेंबर ढगांचे. हिवाळ्यात कृष्णाकाठी पहाटे धुकं, त्यात पाचट पेटवल्याचा धूर. म्हणून दुर्बीण घेऊन दंडोबाच्या डोंगराकडे जाणं बरं.

रोहिणीची मागची पिधानमालिका 2015 ते 2018 अशी झाली. पुढची 2033 च्या ऑगस्टमध्ये सुरू होईल. तेव्हा चित्रापक्षाच्या हिशेबाने राहू हस्तात असेल आणि रेवतीपक्षाच्या हिशेबाने हस्त-चित्रेच्या सीमेवर. गणेश दैवज्ञांच्या आठ नक्षत्रांत दोन्ही बसतात.