लोणारच्या पाटीवरचा आकडा

लोणार सरोवराच्या काठावर उभे राहिले की वाटाड्या तीन गोष्टी हमखास सांगतो. बेसाल्ट या लाव्हापासून बनलेल्या खडकात उल्का आदळून झालेले जगातले हे एकमेव विवर, आकाराने जगात तिसरे, आणि वय बावन्न हजार वर्षे. पहिल्या दोन गोष्टी निकालात काढायला फार वेळ लागत नाही. बेसाल्टमधली आघात-विवरे ब्राझीलमध्येही आहेत. आणि जेमतेम १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तिसरे कसे ठरेल? दक्षिण आफ्रिकेतल्या व्रेडेफोर्ट विवराचा मूळ व्यास तर शेकडो किलोमीटरांत सांगतात. तिसरी गोष्ट मात्र अशी उडवून लावता येत नाही. या टिपणात तिलाच जास्त जागा दिली आहे.

त्याआधी जुना इतिहास थोडक्यात. विष्णूने इथे लवणासुर दैत्याला मारले ही कथा वाचकांना माहीत आहेच. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडाच्या वर्णनात लोणार येते ते विष्णुगया म्हणून आणि काच, साबण, सोरा यांच्या कच्च्या मालाचे ठिकाण म्हणून. म्हणजे तीर्थ आणि उत्पन्न या दोन्ही नोंदी एकाच ठिकाणी आहेत. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर खार साचे, तो गोळा केला जाई आणि त्याच्या प्रतीनुसार दल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती. खायच्या मिठापेक्षा यात सोड्याचा भाग मोठा. पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास असतो, त्यामुळे आज पाण्यात हात घालून चोळला तरी बुळबुळीत लागतो.

१८२३ मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढची शे-दीडशे वर्षे बहुतेकांनी विवर ज्वालामुखीचेच मानले. त्यांना आज हसण्यात अर्थ नाही. सगळे दख्खन लाव्हाच्या थरांचे, आसपास उल्केचा एक तुकडाही सापडलेला नाही, मग खड्डा लाव्हाच्याच कुठल्या तरी करामतीने पडला असेल हा तर्क सरळ होता. एका अमेरिकन भूवैज्ञानिकाने १८९६ मध्ये ॲरिझोनातल्या विवराशी तुलना केली होती, पण ते विवरही त्याने तेव्हा वाफेच्या स्फोटाचेच ठरवले होते. निकाल लागला १९७० च्या दशकात, तळाशी घेतलेल्या विंधनछिद्रांमुळे. तिथल्या फुटक्या खडकात मास्केलिनाइट मिळाले. खडकातले फेल्डस्पार हे खनिज प्रचंड धक्क्याने न वितळताच काचेसारखे होते तेव्हा हे तयार होते, आणि एवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. काय पडले हा वाद तिथे संपला. कधी पडले हा वाद सुरू झाला.

बावन्न हजार हा आकडा आला तापदीप्ती पद्धतीतून. आघातात वितळून बनलेल्या काचेत सभोवतालच्या किरणोत्सारामुळे थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. प्रयोगशाळेत नमुना तापवला की ती प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. प्रकाश किती, यावरून काच कधी बनली, म्हणजे हे घड्याळ कधी शून्यावर आले होते ते काढतात. उत्तर मिळाले ५२ हजार, अधिक-उणे ६ हजार. अडचण अशी की हे घड्याळ गळते. साठलेली ऊर्जा आपोआप कमी होऊ शकते, मध्येच नमुना तापला तर घड्याळ पुन्हा शून्यावर येते आणि एका मर्यादेपलीकडे साठा वाढतच नाही. सगळ्या चुका एकाच दिशेने जातात, वय कमी दाखवण्याच्या.

२०१० च्या सुमारास वितळलेल्या खडकावर आर्गॉन-आर्गॉन पद्धत (खडकातल्या पोटॅशियमपासून हळूहळू साठणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय काढणारी) वापरली गेली, तेव्हा वय आले ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. दहापटीहून जास्त. पण याही पद्धतीत एक मेख आहे. मूळ बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. आघातात तो पूर्ण वितळला नसेल तर जुना आर्गॉन आत अडकून राहतो आणि वय फुगते. म्हणजे एक पद्धत कमी सांगण्याकडे झुकणारी, दुसरी जास्त. नंतर अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांच्या खडकावरील परिणामावरून केलेल्या मोजणीने पुन्हा काही दहा हजार वर्षांचाच आकडा दिला, पण ती मोजणी खडकाचा पृष्ठभाग किती काळ उघडा आहे ते सांगते. झीज झाली की तोही आकडा खाली येतो.

माझा कल मोठ्या आकड्याकडे आहे, हे लपवत नाही. वितळलेल्या नमुन्यांतला जुना आर्गॉन ओळखून वजा करण्याचे मार्ग आहेत, गळालेली ऊर्जा परत मिळवण्याचा मात्र नाही. तरीही निकाल लागला असे म्हणणे घाईचे होईल. खटकते ते एवढेच की माहितीपत्रकांतून बावन्न हजार एखाद्या जन्मतारखेसारखे छापले जाते.

विवर आणि सरोवराचा परिसर २००० मध्ये अभयारण्य झाला. विवरातली शेती, गावाचे सांडपाणी, काठावरची अतिक्रमणे आणि उतारावर माजलेली वेडी बाभूळ हे विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. नवरात्रात कमळजा देवीच्या दर्शनाला खाली उतरणारी गर्दी हाही त्यातलाच प्रश्न. भाविकांसाठी ही जुनी वाट आहे, वनखात्यासाठी अभयारण्य, आणि दोन्ही खरे आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा टाळेबंदी होती, त्यामुळे बहुतेकांनी ते मोबाइलवरच पाहिले. पाणी घटून क्षार वाढले आणि लवणप्रिय सूक्ष्मजीव फोफावले, त्यांच्या रंगद्रव्याचा तो रंग. त्याच वर्षी सरोवर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले.

पाहायला जाणाऱ्याने विवरावरच थांबू नये. गावातले दैत्यसूदन मंदिर तारकाकृती जोत्यावर उभे आहे. त्याला सरसकट हेमाडपंती म्हणतात, पण तो शब्द आपल्याकडे कुठल्याही जुन्या दगडी देवळाला चिकटतो आणि त्यातून काळ समजत नाही. धार या झऱ्याचे गोड पाणी काठावरच गोमुखातून बारा महिने पडते आणि खाली शंभर-सव्वाशे मीटरवर तेच पाणी खारे होते. गावाजवळच्या अंबर तळ्याकाठी मोठा मारुती निजलेला आहे. दगड चुंबकीय असल्याचे सांगतात, होकायंत्र नेऊन पाहावे. हे तळे त्याच उल्केच्या दुसऱ्या तुकड्याने झाले असेही कानावर पडेल. त्याला अजून ठोस पुरावा मिळालेला नाही.