क्री आणि स्क्रल: निळा कोण, हिरवा कोण आणि भांडण कशावरून

डिसेंबरात अमळनेरजवळच्या शेतात भरीत पार्टी होती. इकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, तिकडे भाचा बांधावर बसून मोबाईलवर २०१९ चा ‘कॅप्टन मार्व्हल’ सिनेमा बघत होता. मध्येच त्यानं विचारलं, “मामा, दोन्ही एकच शेतस ना?”

दोन्ही म्हणजे क्री आणि स्क्रल. त्याची चूक नाही. दोघेही परग्रहावरचे, दोघांचीही साम्राज्यं, दोघेही पिढ्यान्‌पिढ्या लढतायत, आणि तेही एकमेकांशीच. त्यात मार्व्हलची कॉमिक्स एक सांगतात आणि सिनेमा भलतंच.

रंगावरून ओळखायला जाल तर निम्म्या वेळा फसाल. स्क्रल हिरवे, कान टोकदार, हनुवटीवर उभ्या खाचा. रंग साधारण आपल्या भरताच्या वांग्याचा, अर्थात भाजायच्या आधीचा. क्री निळे. पण सगळे नाहीत! क्री लोकांत गुलाबी कातडीचेही आहेत, इतर वंशांशी झालेल्या संकरातून आलेले, आणि ते हुबेहूब माणसासारखे दिसतात. १९६७ साली कॉमिक्समध्ये आलेला कॅप्टन मार-व्हेल हा असाच गुलाबी क्री सैनिक. निळे क्री स्वतःला अस्सल समजतात आणि गुलाबींना खालचे लेखतात. म्हणजे बाहेर युद्ध चालू असताना घरातही जातपात आहेच. तेव्हा समोर माणसासारखा दिसणारा कुणी उभा असेल, तर तो गुलाबी क्री असेल किंवा माणसाचं रूप घेतलेला स्क्रल.

खरा फरक इथे आहे. स्क्रल रूप बदलतो, क्री बदलत नाही. आपल्याकडे बहुरूपी पोलिसाचा वेष करून दारात येतो, दंडाची दमदाटी करतो, मग हसून बिदागी मागतो. तो ओळखला गेला यातच त्याची कमाई. स्क्रलाचं उलटं, ओळखला गेला की संपला. मेल्यावर मात्र तो मूळच्या हिरव्या रूपात परत येतो, सिनेमातही तेच दाखवलंय.

त्यामुळे दोघांची लढाईही वेगळी. क्रींची फौज उघड, शिस्तीची, हुकमाची. हाला हा त्यांचा राजधानीचा ग्रह. रोनानसारखे ‘आरोप ठेवणारे’ अधिकारी न्यायाधीशही असतात आणि शिक्षा देणारेही, हातात हातोडा घेऊन फिरतात. सगळ्यांच्या वर ‘सुप्रीम इंटेलिजन्स’, म्हणजे मेलेल्या थोर क्रींचे मेंदू एकत्र करून बनवलेली एक प्रचंड बुद्धी. स्क्रल आधी शत्रूच्या घरात शिरतात, त्याच्या माणसांचे चेहरे लावून बसतात आणि मग लढतात. २००८ च्या कॉमिक्समध्ये तर ते पृथ्वीवरच्या नायकांमध्येच मिसळून गेले होते, कोण आपला आणि कोण परका हेच कुणाला कळेना.

आता भांडण कशावरून. १९७५ च्या सुमाराच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’ अंकांत ही गोष्ट येते आणि मला सगळ्या युद्धकथेपेक्षा हीच जास्त आवडते. लाखो वर्षांपूर्वी स्क्रल लढवय्ये नव्हतेच, व्यापारी होते. ग्रहाग्रहांवर जाऊन आपलं ज्ञान द्यायचे आणि देवघेव वाढवायचे. ते हालावर उतरले, तेव्हा तिथे दोन जमाती होत्या: रानटी अवस्थेतले क्री आणि कोटाटी नावाची झाडांसारखी, मनानं बोलणारी शांत जमात. लायक कोण हे ठरवायला स्क्रलांनी स्पर्धा लावली. दोन्हीकडून १७-१७ जण घेतले, दोन ओसाड जागी नेऊन सोडले आणि एक वर्ष दिलं. क्रींना मिळाला आपला चंद्र. तिथे त्यांनी अख्खं शहर उभारलं. कोटाटींनी त्यांच्या जागी बाग फुलवली.

कौल बागेकडे झुकला. क्रींनी आधी हालावरचे कोटाटी कापले, मग आलेल्या स्क्रलांना मारलं आणि त्यांचं यान ताब्यात घेतलं. त्याच यानावरून शिकून पुढे आरमार बांधलं. इकडे स्क्रलांना शस्त्र उचलावं लागलं आणि नंतर ते ठेवणं काही जमलं नाही. बागेवरून महायुद्ध! बांधावरून भाऊबंदकीचे दावे बघितलेल्या माणसाला यात फार नवल वाटणार नाही.

म्हणून माझं मत असं, की क्री मुळातच युद्धखोर आणि स्क्रल त्या युद्धात घडलेले. पण म्हणून स्क्रलांना गरीब समजायचं कारण नाही. कॉमिक्समध्ये ते १९६२ च्या सुरुवातीलाच, क्रींच्या कितीतरी आधी, खलनायक म्हणून आले आणि खलनायकच राहिले. सिनेमानं हे उलटवलं. तिथे क्री हल्लेखोर आणि स्क्रल बायकापोरांना शोधत फिरणारे निर्वासित. भाच्याचा गोंधळ निम्मा यामुळेच.

शेवटी नुकसान दोघांचंही झालं. १९८३ मध्ये ग्रह खाऊन जगणाऱ्या गॅलॅक्टसनं स्क्रलांचा राजग्रह गिळला. १९९२ मध्ये शिआर नावाच्या तिसऱ्याच साम्राज्यानं बनवलेला बॉम्ब क्रींवर फुटला, अब्जावधी मेले, आणि त्यामागे खुद्द सुप्रीम इंटेलिजन्स होती. आपली जात उत्क्रांतीत पुढे सरकत नाही, म्हणून तिनं आपलीच माणसं मारवली.

हे सगळं सांगेपर्यंत भरीत घोटून झालं होतं. मग मी भाच्याला पहिल्या स्क्रलांचं काय झालं तेही सांगितलं. ‘फँटास्टिक फोर’ या चार नायकांच्या चमूतल्या रीड रिचर्ड्सनं त्यातल्या तिघांना गायींचं रूप घ्यायला लावलं आणि संमोहन करून आपण गायीच आहोत असं त्यांना पटवलं.

“मग दूध कोणी काढलं?” भाच्यानं विचारलं.

काढलं होतं. १९८३ च्या एका अंकात ते दूध प्यायलेल्या गावातल्या माणसांची शरीरं रूप बदलू लागतात. पलीकडे आई कळण्याच्या भाकरी थापत होती, तिनं वर न बघता विचारलं, “फॅट कितीची लागली?”