पार्श्वभूमी : वसतिगृहाआधीची तीन वर्षं

बालमालिकेतला हुशार पोट्टा वाचकाला बहुधा सहावीत भेटतो, पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहात शिरताना. त्याची आधीची गोष्ट विदर्भातल्या खेड्यात लिहायची तर तिसरी, चौथी आणि पाचवी लिहावी लागते, आणि या तीन वर्षांवर नवोदयच्या, म्हणजे पाचवीत परीक्षा घेऊन सहावीपासून मुलांना वसतिगृहात ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या शाळांच्या, नियमांची सावली असते.

१९८५-८६ मध्ये प्रयोग म्हणून देशात दोनच नवोदय निघाली, एक हरियाणात झज्जरला, दुसरं अमरावतीला. १९८६च्या शैक्षणिक धोरणानं पुढे जिल्ह्याला एक शाळा हे सूत्र धरलं. एकाला उचलायचं आणि बाकीच्यांना त्याच गळक्या वर्गात बसवायचं, यावरची टीका रास्तच होती.

खरा गुंता ‘ग्रामीण’ या शब्दाचा. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. पण नुसतं खेड्यात घर असून भागत नाही. तिसरी ते पाचवी ही तिन्ही सत्रं ग्रामीण हद्दीतल्या शाळेत पूर्ण व्हावी लागतात. चौथीला पोट्टा मामाकडे अकोल्याला शिकला, की तो शहरी. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळा चौथीलाच संपतात. पाचवीसाठी नगरपालिकेच्या हद्दीतल्या शाळेत नाव घातलं, तर बाप कास्तकारच राहतो आणि पोरगा कागदावर शहरी होतो. शहर कुठलं हे सरकारी अधिसूचना ठरवते. म्हणून भामरागड, एटापल्लीसारख्या तालुक्याच्या गावी नगरपंचायत आली तेव्हा शाळा तीच, फळा तोच, फक्त अर्जातला रकाना बदलला. अशा मुलाला उरलेल्या खुल्या जागांवर झगडावं लागतं, आणि तिथं ग्रामीण मुलंही असतातच.

गोष्टीचं साल ठरवतानाही चूक होते. २०१० सालचा नायक चौथीत राज्याची स्कॉलरशिप परीक्षा आणि पाचवीत नवोदय देतो. २०१६-१७पासून स्कॉलरशिप पाचवी-आठवीला गेली, त्यामुळे २०१८च्या नायकावर दोन्ही एकाच वर्षी येतात.

नवोदयचा आताचा पेपर दोन तासांचा, ८० प्रश्नांचा, १०० गुणांचा. त्यातले ४० प्रश्न आकृत्यांचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. पाढे तोंडपाठ असलेला पोट्टा आकृत्यांवर अडतो, कारण त्या रोजच्या पुस्तकात नसतात. परीक्षा एकदाच देता येते. ‘पुढच्या साली पाहू’ हे वाक्य या गोष्टीत गुरुजींच्याही तोंडी घालता येत नाही.